रडणारा पंख

धक्क्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. उभं राहून चालवायचा, बॅटरीवर पळणारा तो बोर्ड पाण्यापासून हातभर वर उचलला गेला. खाली दांडा, दांड्याला पंख. फक्त तो पंख पाण्यात राहिला. बोर्डाने वेग घेतला आणि पाण्यातून आवाज आला, "ऊंऽऽऽ..."

"ऐकलंत?" आत्म्यांशी बोलतो म्हणवणाऱ्या जलगुरूंनी धक्क्यावरून हात पसरले. "जलतत्त्वात अडकलेला प्राण आहे हा! बाळा, आई आली आहे. ओळखलंस का?"

त्यांनी हात वर केला. बोर्डावरच्या टकल्या शिष्याने रिमोटचं बटण दाबलं, वेग वाढला आणि पुन्हा ऊंऽऽऽ. हात खाली आला, वेग उतरला, आवाज बंद. मेलेला माणूस इतका आज्ञाधारक असतो हे मला ठाऊक नव्हतं.

आई म्हणजे आमच्या शेजारच्या काकू. दोन महिन्यांपूर्वी त्यांचा मुलगा इथेच पडला, याच बोर्डाचा मार डोक्याला बसला आणि तो बुडाला. आता काकू गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. काल त्या घोट्यापर्यंतच गेल्या होत्या.

"मला बोलावतोय गं तो," त्या मला म्हणाल्या. "आईने पाण्यात येऊन मिठी मारल्याशिवाय सुटका नाही, असं गुरुजी म्हणतात."

काकूंना पोहता येत नव्हतं. हे जलगुरूंना माहीत होतं, तरी ते रोज एक पाऊल पुढे बोलावत होते. गर्दी वाढत होती ना! मला त्या माणसाची शिसारी आली.

शिसारी माझीही आली, कारण बोर्ड मी दुरुस्त केला होता; माझ्याकडेही तसाच एक आहे. अपघातात पंखाची मागची धार दगडावर आपटून तुटली होती. "त्याचा आहे, नीट कर," एवढंच काकू म्हणाल्या होत्या. मी मायेपोटी रेझिन, म्हणजे वाळून टणक होणारा चिकट लेप, थापलं, पण घासायचा कंटाळा केला आणि कागदासारखी पातळ हवी ती धार बोटासारखी बोथट ठेवली. बोथट धारेमागे पाण्याचे भोवरे आळीपाळीने सुटतात, ठरावीक वेगाला पंख त्यांच्या तालावर थरथरतो आणि गुणगुणतो. आवाज माझ्या आळसाचा होता.

"काकू, बाहेर या. मला हा पंख काढून बघू द्या."

"खबरदार!" जलगुरू गरजले. "आत्म्याला पाना लावतेस?"

काकू वळल्या. "बोर्ड माझ्या मुलाचा आहे," त्या म्हणाल्या. "तिला बघू द्या."

चार स्क्रू काढले, तो पंख माझ्या बोर्डाला लावला आणि मीच चढले. वेग घेताच माझा बोर्ड रडायला लागला. मुलाच्या बोर्डाला माझा पंख लावून तो शिष्याला पळवायला दिला. तो गप्प.

"गुरुजी, आत्मा चार स्क्रूंवर घर बदलतो वाटतं?" मी विचारलं. गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं.

मग धक्क्यावरच बसून धार पॉलिशपेपरने एका बाजूने तिरकी घासली. अर्धा तास लागला. काकू पाण्यातून वर येऊन समोर बसल्या आणि माझ्या हातांकडे बघत राहिल्या. पुन्हा चढले, त्याच वेगाने गेले, पुढेही गेले. पाण्याची सळसळ ऐकू आली, बाकी काही नाही.

"मुक्ती!" जलगुरू लगेच ओरडले. "माझ्या साधनेने त्याला मुक्ती मिळाली!"

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या! एवढं डोळ्यांनी बघूनही! मी संतापाने खिशातून जाड चिकटपट्टी काढली, धारेवर दुमडून चिकटवली आणि परत पाण्यात गेले.

"ऊंऽऽऽ..."

टाळ्या थांबल्या.

"मुक्ती मिळालेला माणूस चिकटपट्टीसाठी परत आला का, गुरुजी?" मी काठावर येऊन विचारलं. ते शिष्याला सामान आवरायची खूण करत होते.

मी सोडवून दिलेला ओला पंख काकूंनी मांडीवर घेतला. "म्हणजे तो रडत नव्हता?"

"नाही, काकू. धार मी जाड ठेवली होती. चूक माझी."

"त्याला काही दुखत नाहीये?"

"नाही."

त्यांनी नखाने पट्टी उचकटली, चुरगळून मुठीत धरली आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा मोकळेपणाने रडल्या. त्यांच्या चपला अजून पाण्याच्या कडेला होत्या. मी त्या उचलून आणल्या.

लोकहो, आवाज आला तर कान जरूर द्या. पण आधी पाना हातात घ्या, एकेक भाग बदलून बघा. आणि कुणी दुःखी आईला पाण्यात बोलावत असेल, तर त्याला सांगा: आधी तुम्ही उतरा.