गाण्याविना हार्प

इसवी सन १९७३ च्या नोव्हेंबर महिन्याच्या बारा तारखेस, सोमवारी, सकाळी दहा वाजता, डब्लिन शहरी, लिफी नदीच्या उत्तरेस, एके काळी प्रार्थनागृह असलेल्या आणि आता ध्वनिमुद्रणासाठी भाड्याने मिळणाऱ्या एका दालनात, असुम्प्टा हॅनरट्टी हिने आपला हार्प, म्हणजे उभ्या तारांचे ते मोठे वाद्य, उजव्या खांद्याला टेकवला आणि निर्माता लॅव्हेल यास तिसऱ्यांदा सांगितले, "गाणं नको."

"अगं, तुला कोण गायला सांगतंय? गायला डिम्फ्ना दोनला येईल. तू नुसती साथ कर."

"साथ अकरा वर्षं केली. ही तबकडी एकट्या हार्पची."

"दोनपर्यंत जमलं तर तुझी. नाही जमलं तर डिम्फ्नाची. कागद केला नसला तरी ठरलंय तसंच."

या देशात हार्प कोठे नाही? नाण्यावर आहे, पारपत्रावर आहे, कराची नोटीस ज्या लखोट्यातून येते त्यावरही आहे. मात्र तो ऐकू कोठे येतो, असे विचारले तर उत्तर एकच: गाणाऱ्या बाईच्या मागे. मठाच्या शाळेत नन मुलींना हार्प शिकवीत तो गळ्याच्या सेवेसाठी. नाचाच्या चाली फिडलवाल्यांच्या, म्हणजे व्हायोलिनवाल्यांच्या, आणि बासरीवाल्यांच्या; त्यांच्या लेखी हार्प म्हणजे किल्ल्यातल्या मेजवानीत परदेशी पाहुण्यांपुढे मांडायचे शोभेचे सामान. असुम्प्टाला हा युक्तिवाद मुळातच सदोष वाटे. जे वाद्य कोणी एकटे वाजू दिले नाही, ते एकटे वाजू शकत नाही, हे ठरवले कोणी आणि केव्हा?

तबकडीच्या पहिल्या बाजूसाठी तिने दोन रील, म्हणजे नाचाच्या जलद चाली, निवडल्या होत्या. दोन्ही लीट्रिम परगण्यातल्या गिलहूली मास्तरांच्या फिडलवरून उचललेल्या. निवृत्त शाळामास्तर, वय पंचाहत्तर. आपल्या चालींचे काय धिंडवडे निघतात ते पाहायला ते आदल्या दिवशीच्या बसने आले होते, आणि आता कोपऱ्यात, ओव्हरकोट न काढता, अंड्याचे सँडविच खात बसले होते.

दोन्ही चाली एकीला एक जोडून वाजवायच्या, असा रिवाज. नाचणाऱ्याचे पाऊल हवेत असताना वादक थांबत नसतो. फिडलला यात काही अवघड नाही, हार्पला आहे. दुसऱ्या चालीसाठी काही तारा अर्ध्या सुराने चढवाव्या लागतात, आणि तारेच्या माथ्याशी असलेला पितळी खटका हाताने वळवल्याशिवाय ती चढत नाही. असे तीन खटके. डावा हात तिकडे गेला की खर्ज बंद.

सातव्या प्रयत्नानंतर लॅव्हेल काचेमागून बाहेर आला. "एकही सूर चुकला नाही. तरी लंगडतंय. असुम्प्टा, दोष तुझा नाही, वाद्याचा आहे."

"त्याला तोंड नाही म्हणून त्याच्यावर ढकलताय. दोष वाद्याचा नाही."

"मग कुणाचा?"

"तिचाच," कोपऱ्यातून उत्तर आले.

"मास्तर, तुम्हीसुद्धा?"

"कुणाची वाट बघतेस गं पोरी?"

"कुणाचीच नाही."

"बघतेस. दर ओळीच्या शेवटी. एवढीशी." मास्तरांनी पावाचा कण चिमटीत धरून दाखवला. "कुणीतरी श्वास घेईपर्यंत थांबतेस. इथं श्वास घ्यायला आहे कोण? माझ्या तर तोंडात घास आहे."

वाद घालायला ती सरसावली होती. पण आधी पुरावा पाहावा म्हणून तिने पहिली ओळ वाजवली, आणि ओळीच्या टोकाला आपला हात किंचित रेंगाळलेला तिलाच दिसला. अकरा वर्षे ज्यांना जागा करून दिली, त्या साऱ्या गायिका तिच्या बोटांत ठाण मांडून बसल्या होत्या. त्याहून वाईट म्हणजे, दोन चालींच्या सांध्यातले खटके ती याच थांब्याच्या आडोशाला वळवीत आली होती. थांबा काढला तर आडोसाही गेला.

"मला तासभर द्या," ती म्हणाली.

तिने खर्जावर पाणी सोडले. पहिल्या चालीच्या अखेरीस डावा हात तारांवरून उचलायचा, चाल उजव्या हाताने एकट्याने ओढायची, आणि तिन्ही खटके नाचणाऱ्याचे पाऊल जेथे पडते नेमके तेथेच वळवायचे. चाळीसदा तिने तो सांधा घोटला. करंगळीजवळचे बोट सोलवटले. त्याला तिने चिकटपट्टी लावली, सूर बोथट झाला म्हणून काढून टाकली. बारा वाजता चर्चच्या घंटांनी एक मुद्रण बुडवले. पावणेदोनला तिने दोन्ही चाली सलग वाजवल्या आणि हात मांडीवर ठेवले.

"खटके ऐकू आले," लॅव्हेल म्हणाला. "टक, टक, टक. पुन्हा घे."

"पावलावर पडले की नाही?"

"पडले. पण ऐकू येतात ना!"

"फिडलवाला बूट आपटतो, तो तुम्ही तबकडीवर ठेवता. वर म्हणता, काय रंग भरला! मग हार्पनंच काय पाप केलंय?"

"आणि मधेच खर्ज गायब. मोकळं मोकळं वाटतं."

"एकट्यानं वाजवलं की तसंच वाटायचं."

लॅव्हेलने घड्याळाकडे पाहिले आणि मास्तरांकडे वळला. "डिम्फ्ना येईलच इतक्यात. चाली तुमच्या आहेत. तुम्हीच सांगा."

"लाव परत."

फीत पुन्हा लागली. मास्तरांनी ती शेवटच्या सुरापर्यंत ऐकली, मग सावकाश ओव्हरकोटाची बटणे काढली.

"दुसरी चाल केसभर घाईची आहे," ते म्हणाले. "पण हिच्यावर नाचता येतं. हीच ठेवा."