एक ठोका फिकट, दोन ठोके गडद

इंग्लंडच्या उत्तरेला कार्लाइल गावात बिस्किटांचा कारखाना होता, आणि तिथे वार कोणता हे नाकाला कळायचं. मंगळवारी आल्याच्या बिस्किटांचा वास, गुरुवारी लोण्याचा, आणि साखरेवरचं रेशनिंग उठल्यापासून शुक्रवारी क्रीमच्या बिस्किटांचा. दुसऱ्या महायुद्धात साखर आणि लोणी सरकारच्या ताब्यात गेलं होतं. कारखान्यात दोन-चार साधे, टणक प्रकार तेवढे उरले होते. क्रीमची बिस्किटं परत आली तेव्हा गावातल्या बायका दुकानाबाहेर रांग लावून उभ्या राहिल्या. थर्झा हेदरिंग्टनला मात्र त्याच आठवड्यापासून घोर लागला.

कारण तिचे वडील. आयझॅक हेदरिंग्टन पहिल्या क्रमांकाच्या भट्टीवर होते. त्यांच्या आजोबांनी याच कारखान्यात जहाजांसाठी दगडासारखी बिस्किटं भाजली होती. आताची भट्टी म्हणजे आगगाडीचे दोन डबे एकामागे एक लावावेत एवढा लांब बोगदा. त्यातून पोलादी पट्टा सरकत राही. एका टोकाला लाटलेल्या कणकेवर साचा पडे, नक्षी उमटे, वाफ निघून जावी म्हणून बारीक भोकं पडत. दुसऱ्या टोकाला भाजलेल्या चकत्या बाहेर येत. आयझॅक तिथे दोन चाकांपाशी उभे असत. एका चाकाने गॅस कमी-जास्त करायचा, दुसऱ्याने पट्ट्याचा वेग. कशावरून? तर चकतीच्या रंगावरून.

आणि तो रंग त्यांना दिसत नव्हता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू धरला होता. टणक बिस्किटं होती तोवर वासावर निभावलं. थोडी फिकट, थोडी गडद आली तरी कोणी बघत नव्हतं. पण क्रीमच्या बिस्किटाला दोन चकत्या लागतात, आणि एक गोरी नि एक सावळी अशी जोडी डब्यात गेली की आंधळ्यालाही दिसते, असं व्यवस्थापक मिस्टर पॅटिन्सन म्हणत. एकदा अशा जोड्या सापडल्या तेव्हा ते सगळ्यांसमोर म्हणाले होते, “पुन्हा झालं तर भट्टीवर दुसरा माणूस येईल. आयझॅकला आवारात झाडू देऊ.”

थर्झा भट्टीच्या तोंडाशीच, थंड करायच्या पट्ट्यावर चकत्या निवडायला असे. त्या पट्ट्याला बाजूने लोखंडी कठडा होता, तो थेट वडिलांच्या चाकांपर्यंत जाई. पॅटिन्सन बोलून गेले त्याच दुपारी तिने हातातल्या पत्र्याच्या सुरीला चिकटलेला चुरा झाडायला सुरी कठड्यावर आपटली. आयझॅकचा हात कठड्यावर होता. त्यांनी मान वळवली आणि गॅस थोडा वाढवला. चकत्या खरोखरच फिकट येत होत्या. पुढच्या वेळी तिने मुद्दाम आपटली.

एक ठोका म्हणजे फिकट. दोन म्हणजे गडद. काहीच नाही म्हणजे ठीक. यंत्रांच्या गोंगाटात कोणाला ऐकू जात नसे. आयझॅकच्या तळहाताला मात्र कळे. घरी दोघांपैकी एकानेही हा विषय कधी काढला नाही. आयझॅक चहात बिस्कीट बुडवत, ते मोडून पडायच्या बेताला बाहेर काढत आणि म्हणत, “आज बरी आली होती.”

“हो बाबा. छान आली होती.”

असं चाललं होतं. आणि रेल्वेतल्या विल्फ राउटलेजने लग्नाची तारीख मागितली.

“वसंतात म्हणालीस, मग उन्हाळ्यात म्हणालीस,” विल्फ म्हणाला. “आता काय, नाताळ? मला नको असशील तर तसं सांग बाई, मी इंजिनाशी लग्न करतो.”

“इंजिन तुला हाकलून देईल.”

“चेष्टा नको, थर्झा.”

तिने त्याला खरं सांगितलं नाही. वडिलांची गोष्ट तिला त्यांच्यामागे कोणाला सांगवेना. लग्न झालेल्या मुलीला कारखान्यात जागा नसे. लग्न म्हणजे कठड्यावरचे ठोके बंद, आणि मग आयझॅकच्या हातात झाडू.

शेवटी आयझॅकनीच विल्फला घरी जेवायला बोलावलं आणि बटाटे वाढता वाढता सप्टेंबरातला शनिवार ठरवून टाकला.

“बाबा, एवढी काय घाई आहे?”

“तुझी आई असती तर कधीच कान धरून चर्चमध्ये उभं केलं असतं तुला. मी काय लहान मूल आहे?”

“डोळ्यांच्या दवाखान्यात तरी—”

“ऑपरेशन झालं की डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून दिवसेंदिवस उताणं पाडतात तिथे. माझे डोळे ठीक आहेत. रस्सा दे.”

त्या शनिवारच्या आदला शुक्रवार उजाडला. कारखान्याची रीत अशी की लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीला कामावरून उचलायचं, सजवायचं आणि कारखानाभर मिरवायचं. कधी ते तिला सांगत नसत. थर्झा सकाळपासून सुरी घट्ट धरून उभी होती. सुट्टीची शिट्टी होईपर्यंत बायकांनी आपल्याला उचलू नये, एवढंच तिचं मागणं होतं. भट्टी नुकतीच चढत होती आणि चकत्या फिकट येत होत्या. तिने एक ठोका दिला. आयझॅकनी चाक फिरवलं. आता चढलेली आच उतरवायला दोन ठोके लागणार, हे तिला ठाऊक होतं.

तेवढ्यात मागून चौघीजणींनी तिला धरलं.

“सोडा! अगं, आत्ता नको! थोडं थांबा ना!”

“सगळ्याच असं म्हणतात!” क्रीम भरणारी बेला ओरडली. “रात्री विल्फलाही हेच सांगणार का गं?”

हशा पिकला. तिच्या पांढऱ्या अंगरख्यावर कागदी फुलं टाचली, डोक्यावर जुना पडदा बांधला, गळ्यात भोकाच्या बिस्किटांची माळ घातली आणि पिठाच्या पोत्यांच्या गाड्यावर बसवून हात बांधून टाकले. सुरी कुठे पडली ते तिला कळलंही नाही.

गाडा आवारात आला. मिठाने भरलेलं, लहान मुलाला शीला बसवायचं भांडं पुढे ठेवलं होतं. लवकर मूलबाळ व्हावं म्हणून गाड्यावरून उतरवून तिला त्यावरून उडी मारायला लावली. बायका पत्र्याचे डबे बडवत होत्या, पुरुष खिडक्यांतून शिट्ट्या मारत होते. थर्झा हसल्यासारखं करत होती आणि वारा हुंगत होती. लोणी. साखर. त्यामागे एखादा कडवट पदर येतोय का, एवढंच ती शोधत होती. करपलं की पहिल्यांदा आवारात कळतं.

“रडतेस काय?” बेलाने विचारलं. “आम्ही काही वाईट नाही गं करत.”

“मला आत ने, बेला. भट्टीपाशी. तुझ्या पाया पडते.”

“नेणारच आहोत. नवरी सगळ्या खात्यांतून फिरते.”

पण फिरण्याचा क्रम ठरलेला होता: आधी डब्यांचं खातं, मग बांधणीचं, मग क्रीमचं. प्रत्येक ठिकाणी गाणं झालं, कोणी चादर दिली, कोणी किटली. आणि प्रत्येक दारातून बाहेर पडताना थर्झा हुंगत होती. लोणी. साखर. बाकी काही नाही.

शेवटी गाडा भट्टीच्या खात्यात शिरला.

तिच्या जागी जेसी लिटल उभी होती. जेसी म्हणजे मुकादमीण, नवरा गेल्यावर कामावर परत आलेली. तिच्या तोंडाला सगळ्या पोरी घाबरत. थर्झाची सुरी तिच्या हातात होती. तिने सरकत्या चकत्यांकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि कठड्यावर दोन ठोके दिले, दणादण, खिळा ठोकावा तसे. पलीकडे आयझॅकनी गॅस उतरवला.

गाडा थांबला. थर्झा जेसीच्या हातातल्या सुरीकडे बघत राहिली.

“काय बघतेस?” जेसी म्हणाली. “सुरीला चुरा चिकटला की झाडावा लागतो. तू एवढे महिने झाडतेसच की. मला काय दिसत नाही?”

“मिसेस लिटल, तुम्हाला—”

“मला, बेलाला, या पट्ट्यावरच्या सगळ्यांना. पॅटिन्सनला तेवढं माहीत नाही, आणि त्याला कोणी सांगणार नाही.” जेसीने आयझॅककडे वळून आवाज चढवला. “पण आयझॅक, पुढच्या वर्षी मी घरी बसणार! तोवर डोळे दाखवून ये. जन्मभर मी तुझा कठडा बडवणार नाही!”

आयझॅकनी तळहात मांडीवर चोळला. मग कानामागे हात नेऊन म्हणाले, “पहिला ठोका पडला तेव्हाच कळलं ही थर्झा नाही. हात झणझणून गेला माझा. जेसी, जरा हळू मारत जा.”

“डोळे दाखवणार का?”

“हळू मारणार असशील तर दाखवतो.”

बेलाने थर्झाचे हात सोडले. ती गाड्यावरून उतरली, पडदा सावरत पट्ट्यापाशी गेली आणि जेसीने न बोलता सुरी तिच्या हातात दिली. चकत्या येत होत्या, एकीसारखी एक, पिकल्या गव्हाच्या रंगाच्या. ठोका द्यायचं कारणच नव्हतं.

तिने कठड्यावर तीन ठोके दिले, अगदी हलके. तीन ठोक्यांना काही अर्थ ठरलेला नव्हता.

पलीकडे आयझॅकनी टोपी काढली आणि थर्झा जिथे असेल त्या बाजूला तोंड करून ते उभे राहिले. चाकाला त्यांनी हात लावला नाही.