नाव ठेवण्याआधी

छकुलीचं बाळ अकरा दिवस काचेच्या पेटीत होतं. त्याच्या आधीची दोन गेली होती. म्हणून तिच्या सासूबाईंनी, जयवंताबाईंनी, घरचा रिवाज बजावला होता: बाळ उंबरठा ओलांडून आत येईपर्यंत त्याला नावानं हाक मारायची नाही, आणि पुढंही कडूबाच म्हणायचं. कडू वस्तूला मृत्यू तोंड लावत नाही. मी काही बोलण्याआधीच त्या मला म्हणाल्या होत्या, "मास्तर, मोठी नावं तुमच्या पुस्तकातल्या लोकायला. आमचं जगलं म्हंजे झालं."

माझ्या बहिणीला मात्र नाव हवं होतं, आणि लगेच हवं होतं. पेटीच्या भोकातून हात घालून त्याचं बोट धरताना तिला काहीतरी म्हणून बोलवायचं होतं. मी कॉलेजात तासिकेवर तत्त्वज्ञान शिकवतो. नाव आणण्याचं काम तिनं चोरून माझ्यावर सोपवलं.

सासूबाई जेवायला गेल्या असताना, दवाखान्याच्या बाकावर, मी ते नाव सांगायला हवं होतं. मी प्लेटोची गोष्ट सांगितली. हे त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे, रुंद खांद्यांवरून पडलेलं टोपणनाव, असं जुने चरित्रकार सांगतात. मूळ नाव म्हणे अरिस्टोक्लीस. खात्री कुणालाच नाही. ग्रीक त्याला प्लातोन म्हणत. लॅटिनमध्ये शेवटचा न गळाला, पण 'प्लेटोचा' असं म्हणायची वेळ आली की तो परत येई: प्लातोनिस. अरबांनी त्याचा अफलातून केला, आणि तोच उर्दूचं बोट धरून आपल्या जालन्यापर्यंत आला. बोलताना मला बरं वाटत होतं, याची आता लाज वाटते.

छकुलीनं सगळं ऐकून घेतलं.

"मंग त्याची माय त्याला काय म्हणून हाक मारायची, दादा?"

मी बाळाच्या नावासाठी उद्यापर्यंतची मुदत मागितली. मनात तीन नावं होती. त्यांची मुळं अजून तपासायची होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी जिना चढलो तेव्हा जयवंताबाई भिंतीला टेकून खाली बसलेल्या होत्या. बाळ तासाभरापूर्वी गेलं होतं. आत नर्स कागद भरत होती. तिनं नाव विचारलं. मी तिन्हींतलं एक छकुलीच्या कानाशी वाकून सांगितलं.

"त्यानं ऐकलं न्हाई ते," ती म्हणाली. "त्याचं कसं व्हईल?"

तिनं नर्सच्या हातातला पेन घेतला, आणि त्या रिकाम्या रकान्यात एक सरळ रेघ ओढली.