धरमसिंगचा जबडा

दिग्रस रस्त्यावरच्या कापसाच्या जिनिंग कारखान्याला भरदुपारी आग लागली, तेव्हा अग्निशमनच्या गाडीवर धरमसिंग राठोड होता. सरकीच्या ढिगाआड अडकलेल्या दोन मजूर बायांना त्यानं बाहेर काढलं. तेवढ्यात पाण्याच्या दाबानं पाइपाचा पितळी जोड निसटला आणि त्याच्या तोंडावर बसला. जबडा मोडला, सात दात गेले.

ऑपरेशनचा खर्च नगरपरिषदेनं दिला. नवे दात बसवायचा अर्ज मात्र आस्थापना विभागातल्या नीळकंठ पांढरीपांडेच्या टेबलावर आला. सौंदर्यासाठी केलेल्या दंतोपचाराचा खर्च मिळणार नाही, असं नियमात होतं. नीळकंठनं त्या ओळीवर बोट ठेवून अर्ज परत केला.

"साहेब, मले कायले सुंदर दिसाचं हाय?" धरमसिंग तोंडावर रुमाल धरून म्हणाला. शब्द फुसफुसत येत होते. "भाकर चावता येत नाही. वायरलेसवर बोललो तं कोणाले समजत नाही."

"माझ्या हातात काही नाही. ऑडिटवाले मलाच धरतील."

दात चावण्या-बोलण्यासाठी लागतात, एवढा डॉक्टरचा एका ओळीचा दाखला जोडला असता, तर अर्ज पुढे सरकला असता. नीळकंठला ते ठाऊक होतं. पण विचारल्याशिवाय सांगायची त्याला सवय नव्हती, आणि डबा खायची वेळ झाली होती.

वायरलेसवर बोलता येत नाही म्हणून धरमसिंगला गाडीवरून काढून भांडारात बसवलं. दीड वर्षानं नीळकंठ तिथं साहित्य तपासायला गेला. धरमसिंग भिंतीकडे तोंड करून जेवत होता. त्याची बायको बिजलीबाई वरणात भाकर कुस्करून देत होती. नीळकंठला पाहताच तिनं ताटलीवर पदर धरला.

दुसऱ्याच दिवशी नीळकंठ रजा टाकून धरमसिंगला एसटीनं यवतमाळला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला.

"फार उशीर केलात. हाड झिजलंय. वर्षभरापूर्वी आला असतात, तर पक्के दात बसले असते. आता कवळीच, आणि तीही सैल राहील."

बसस्टँडवर दोघं बाकावर बसले. नीळकंठ म्हणाला, "धरमसिंग, दाखला जोडला असता तर तेव्हाच काम झालं असतं. मला माहीत होतं."

धरमसिंगनं त्याच्याकडे पाहिलं.

"मंग सांगलं काहून नाही?"

गाडी लागली. धरमसिंग पुढे जाऊन ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर एकटाच बसला.

कवळीचं बिल नीळकंठनं स्वतः टेबलाटेबलावर फिरून आठ दिवसांत मंजूर करून घेतलं. धरमसिंगनं येऊन सही केली आणि तो निघून गेला.

पुढे एकदा बाजारात बिजलीबाई भेटली. कवळी कशी आहे, असं नीळकंठनं विचारलं.

"हे लग्नाकार्यात लावतेत," ती म्हणाली. "जेवताना काढूनच ठेवा लागते."