२०३१०२९ चे अवयव

आप्पांच्या मनगटावरच्या पट्टीवर नोंदणी क्रमांक होता, २०३१०२९. विषम. अंकांची बेरीज सतरा, म्हणून तीनने जात नाही. मागून तीन-तीन अंकांचे गट पाडले: शेवटचे एकोणतीस अधिक सुरुवातीचे दोन, त्यातून मधले एकतीस वजा केले की शून्य. म्हणजे सात, अकरा, तेरा, तिन्हींनी भाग जातो. उरते २०२९, ती मूळ संख्या. डॉक्टरीणबाई श्वासाचं मशीन बंद करण्याबद्दल बोलत होत्या, तेव्हा मी हे करत होते. रडू येत नव्हतं. काहीच येत नव्हतं.

आप्पांनी चाळीस वर्षं गणित शिकवलं. मीही तेच शिकवते. दादाला मात्र गणितात कायम भोपळा, आणि आप्पांनी तो त्याला कधी विसरू दिला नाही. दुसऱ्याची चूक दिसली की आप्पांची तर्जनी वर जायची. दुकानदार असो की व्याही, सुटका नसे.

"बोट हलतं त्यांचं," दादा म्हणाला. "मी हाक मारली की हलतं."

"ते आपोआप हलतं," बाई म्हणाल्या. "ऐकू येऊन नाही. पण तुम्हा दोघांची सही झाल्याशिवाय आम्ही काही करणार नाही."

"मी नाही करणार."

बाई गेल्या. दादा पलंगाच्या कठड्याला धरून उभा राहिला. अकरा दिवसांत त्याने दाढी केली नव्हती. त्याची दया यायला हवी होती, पण मी त्याच्या शर्टाची बटणं मोजत होते.

मग मी आप्पांच्या कानाशी वाकले.

"आप्पा, तुमच्या पट्टीवरचा आकडा सांगते. वीस लाख एकतीस हजार एकोणतीस." थोडं थांबले. "मूळ संख्या आहे. कशानेच भाग जात नाही."

इतकी ढोबळ चूक मी त्यांच्यासमोर सातवीनंतर केली नव्हती. चादरीवर त्यांचा हात पडला होता. मी बोटाकडे बघत राहिले. मशीनने श्वास आत ढकलला, बाहेर काढला. मी पुन्हा, मोठ्याने म्हटलं, "मूळ आहे, आप्पा."

बोट हललं नाही.

"अगं, काहीतरीच काय," मागून दादा म्हणाला. "अकराने जातो की तो."

मी वळून पाहिलं.

"अकरा दिवस त्या पट्टीसमोर बसलोय. एकाआड एक अंक मिळवले. एकीकडे चौदा, एकीकडे तीन. फरक अकरा." बोलता बोलता त्याची नजर चादरीवर गेली आणि तिथेच राहिली. मग तो म्हणाला, "एवढी चूक त्यांनी सोडली नसती गं."

"नसती."

त्याने हात पुसले आणि बाईंना हाक मारायला तो दाराकडे निघाला.

"दादा," मी म्हटलं, "बरोबर आहे तुझं उत्तर."

हे त्याला सांगायला आता दुसरं कोणी नव्हतं.