तळमजल्यावरचं डोकं

विभागप्रमुखांना सगळे पाठीमागे भाकीतराव म्हणत. फिट्स येणाऱ्या माणसाच्या मेंदूचा एमआरआय संगणकात घातला, की ऑपरेशनने फिट्स थांबण्याची शक्यता किती टक्के हे सांगणारा प्रोग्रॅम त्यांनी तयार केला होता. म्हणजे तयार केला होता दोन विद्यार्थिनींनी. भाकीतरावांनी त्याच्यावर भाषणं दिली होती. तेव्हापासून ऑपरेशन करायचं की नाही हे ठरवणाऱ्या बैठकीत मेंदूकडे कोणी बघेनासंच झालं. आकडा बघायचा, माना डोलवायच्या, चहा संपवायचा.

त्या दिवशी पडद्यावर आकडा आला एकोणतीस.

"एकोणतीस," भाकीतराव म्हणाले, जणू एखाद्या ढ मुलीचा निकाल वाचत होते. "सोडून द्या. औषधंच चालू ठेवा."

ज्या मुलीचा हा आकडा, ती शिवणकाम करणारी. इस्त्री हातात असताना फिट आली आणि पंजा भाजला. औषधं बदलून बदलून झाली, पण झटके थांबत नव्हते. तिची थोरली बहीण बाहेर बाकावर निकालाची वाट बघत होती.

कोपऱ्यातल्या बाईंनी पेनाला टोपण लावलं. त्या भौतिकशास्त्र शिकलेल्या. हॉस्पिटलची दोन्ही एमआरआय यंत्रं नीट चालतात की नाही हे बघणं त्यांचं काम. बैठकीला त्यांना बोलावत ते प्रोजेक्टर अडला तर हाताशी असाव्यात म्हणून. या खोलीतली विद्वत्ता त्यांनी आजवर निमूट ऐकली होती आणि मनातल्या मनात तिची किंमत उतरवत आणली होती.

"सर, अजून एक केस आहे. निनावी. बघता?"

"आणा की."

पडद्यावर दुसरा मेंदू आला. भाकीतरावांनी त्याच्यावरून नजर उडती फिरवली आणि आकड्यावर आणून टेकवली. सव्वीस.

"हा तर त्याहून वाईट!" ते खुशीत आले. "बघा, जिकडेतिकडे बिघाड. असल्या डोक्याला सुरी लावणं म्हणजे सुरीचा अपमान."

शिकाऊ डॉक्टर हसले. एकाने ते वाक्य उतरूनही घेतलं.

"नक्की ना, सर?"

"अहो बाई, डोळे मिटून सांगतो."

"ते दिसलंच," बाई म्हणाल्या आणि त्यांनी बटण दाबलं. पुन्हा एक मेंदू. आकडा अठ्ठ्याऐंशी.

"हा कोण आता?"

"तोच. आधीचा फोटो तळमजल्यावरच्या जुन्या यंत्राचा, हा वरच्या नव्या यंत्राचा. एकाच दुपारी काढलेले."

"शक्य नाही. पेशंट कोण आहे हा?"

"पेशंट नाही, सर. तुम्ही. नवं यंत्र आलं तेव्हा तुलनेसाठी तुम्हीच दोन्हीकडे डोकं दिलं होतंत. 'तपासणीला केव्हाही वापरा' असंही म्हणाला होतात. याच मेंदूचं चित्र तुमच्या केबिनमध्ये फ्रेम करून लावलंय."

टेबलापलीकडे बसलेल्या सर्जनबाईंना चहाचा ठसका लागला.

"तळमजल्यावर येतात इमर्जन्सीतून आणलेले, गुंतागुंतीचे पेशंट," बाई शांतपणे म्हणाल्या. "त्यांची ऑपरेशनं जास्त फसली. वर येतात ते वेळ घेऊन आलेले, सोपे. जुन्या केसेसवरून शिकताना प्रोग्रॅम मेंदू वाचायला शिकलाच नाही. फोटोचा खरखरीतपणा बघून मजला ओळखायला शिकला. या मुलीच्या वेळी वरचं यंत्र बंद होतं, म्हणून ती खाली गेली. एवढाच तिचा गुन्हा."

"मग तिला वर नेऊन पुन्हा फोटो काढा ना," भाकीतराव म्हणाले. "आकडा सुधारेल."

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. आजवर त्या या माणसाला नुसतं आळशी समजत होत्या. तो त्याचा गौरवच झाला होता.

"सुधारेल की. तुमचा नाही का सुधारला? तेही एकदाही फिट न येता."

"पुरे," सर्जनबाई म्हणाल्या. "आकडा काढा तो. मुलीचा मेंदू दाखवा."

सर्जनबाईही काही धुतल्या तांदळाच्या नव्हत्या. त्यांनीही कित्येक महिने आकड्यांवरच माना डोलवल्या होत्या. आता त्या पडद्याशी जाऊन उभ्या राहिल्या. उजव्या कानशिलाच्या आत, खोलवर, एक जागा आक्रसून पांढुरकी पडली होती.

"हे इतकं ढळढळीत? ईईजीत फिट कुठून सुरू होते?"

"तिथूनच, मॅडम," एक शिकाऊ डॉक्टर पुटपुटला.

"मग करायचं. मी करते."

"मला वाटलंच होतं," भाकीतराव म्हणाले.

बाई बाहेर आल्या. बहीण ताडकन उठली.

"ऑपरेशन करायचं ठरलंय," बाई म्हणाल्या.

"किती टक्के?"

"टक्के नाहीत. फिट जिथून सुरू होते ती जागा नेमकी सापडलीय. आशा चांगली आहे, खात्री नाही."

"पण सकाळी ते छोटे डॉक्टर एकोणतीस म्हणाले होते."

"ते चुकीचं होतं."

"चुकीचं का असेना, काहीतरी होतं," बहीण म्हणाली. "आता आम्ही कशाच्या जोरावर हो म्हणायचं, बाई?"

बाईंनी दार ढकलून तिला आत घेतलं. भाकीतराव पडद्यासमोरच्या खुर्चीत बसून कोणाला तरी काहीतरी समजावत होते.

"जरा सरका, सर," बाई म्हणाल्या. "ज्यांना मेंदू बघायचाय, त्या आल्यात."