तंबूची ट्रायल

शिंपी कात्रीच्या बाबतीत जितका सरळ, तितकाच छंदांच्या बाबतीत वाकडा. सहा दिवस मान मोडून मशीन चालवायची आणि रविवारी मोकळ्या हवेत जाऊन स्वतःची फजिती करून घ्यायची, असा त्याचा नेमच होता. सायकल घेतली, तर पहिल्याच उतारावर ब्रेक शोधता शोधता रोपवाटिकेतल्या शेणखताच्या ढिगात जाऊन बसला. मासे धरायला गेला, तर दिवसभरात गळाला एकच गोष्ट लागली, मागे बसलेल्या बायकोचा अंबाडा. पक्षी बघायला गेला आणि झाडावरच्या पांढऱ्या पक्ष्याकडे दोन तास श्वास रोखून पाहत राहिला. ती प्लास्टिकची पिशवी निघाली.

दर वेळी बायको सोबत असायची. अखेर तीही वैतागली. “अहो, हा शेवटचा रविवार. यावेळी घोळ घातलात, तर पुढचे सगळे रविवार मी आईकडे. तुम्ही फिरा एकटे.”

आठवडाभर शिंप्याचं तोंड मशीनकडे आणि पाठ बायकोकडे. दोघांचं धड बोलणं व्हायचं ते रविवारी, तेही ती त्याच्या खरचटलेल्या गुडघ्याला औषध लावत असताना. तेवढंही गेलं तर उरलं काय? त्याने ठरवलं, आता नसते उद्योग नकोत, आपल्याला जे येतं तेच करायचं. तंबू शिवायचा.

कापड आलं. बायको, लेक आणि परीक्षक म्हणून येणार असलेल्या सासूबाई, तिघींना जमिनीवर आडवं करून त्याने मापं घेतली. सवयीने आकडेही खणखणीत आवाजात सांगितले. स्वतःची रुंदी अख्ख्या मजल्याला ऐकू गेल्यावर सासूबाईंनी त्या दिवशी जावयाच्या हातचा चहा घेतला नाही.

रविवारी सकाळी तळ्याकाठी तंबू उभा राहिला. एक चुणी नाही, कुठे झोळ नाही. सहलीला आलेले लोक वळून वळून बघायला लागले. “छान झालाय हो,” बायको म्हणाली, आणि शिंप्याची छाती दोन इंच वाढली.

“चला, सगळ्याजणी आत. आडव्या व्हा,” त्याने फर्मावलं. स्वतः खडू घेऊन बाहेर उभा राहिला. “आता कुशीवर वळा. हात वर करा. काखेत कुठे दाटतंय का?”

“जावईबापू, तंबूला काख कुठून आली?” सासूबाई आतून म्हणाल्या.

“अहो,” बायकोचा आवाज आला, “हा पांढरा दोरा कसला लोंबतोय?”

“त्याला हात लावू नकोस. कच्चा टाका आहे.”

“कच्चा?”

“अगं, ट्रायल झाल्याशिवाय मी कधी पक्की शिलाई मारलीये का?”

हे मात्र खरं होतं. वीस वर्षांत त्याच्या दुकानातून ट्रायलविना एक बाही बाहेर पडली नव्हती. गिऱ्हाइकाने घालून बघायचं, याने खडूने खुणा करायच्या, मग पक्की शिलाई. ट्रायलच्या खोलीत वारा सुटत नाही, हे त्याला आत्ता, तळ्याकाठी वारा सुटल्यावर आठवलं. तेवढ्यात सासूबाईंना नव्या कापडाच्या खळीने शिंक आली.

दोरा सर्रकन निघाला. चारही भिंती चार दिशांना आडव्या झाल्या आणि छप्पर उडून तळ्यात जाऊन पडलं. उभं राहिलं फक्त दार. चेन कच्च्या टाक्याने बसत नाही, म्हणून तेवढं त्याने मशीनवर पक्कं शिवलं होतं.

सासूबाई शिस्तीच्या. त्या उठल्या, पदर सारखा केला, दाराची चेन उघडली, वाकून बाहेर आल्या आणि वळून चेन नीट लावली. मग म्हणाल्या, “कापड चांगलं आहे.”

लेक पोट धरून गवतात लोळायला लागली. शिंपी मात्र रडवेला झाला. खडू खिशात टाकत तो पुटपुटला, “चुकलं माझं. पुढच्या रविवारी जा तू आईंकडे.”

बायको आपल्या मापाच्या जागेवर उताणी पडून हसत होती. डोळ्यांतून पाणी, बोलायलाही श्वास नाही. इतकं हसताना त्याने तिला कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं.

“आई,” ती कशीबशी म्हणाली, “रविवारी तूच येत जा गं आमच्याबरोबर. घरी बसून असलं काही बघायला मिळतं होय?”

शिंपी तिच्याकडे धावला.

“अहो, असे भिंतीवरून कुठे येताय?” ती ओरडली. “दारातून या. आणि आल्यावर लावून घ्या, वारा येतोय.”

शिंप्याने मुकाट्याने चेन उघडली, वाकून आत आला आणि दार लावून तिच्या शेजारी आडवा झाला.